एकवीस नव्याण्णव

"बाबा, माझं नाव शाळेतून काढायचा अर्ज तुम्ही दिलाय का?"

विचारून झालं आणि मगच भोंग्याच्या लक्षात आलं, की आपण हे केवढ्यानं विचारलंय. टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विच रूममध्ये थंड हवेची यंत्रं सतत घोंघावत असतात, त्यांच्यावर कुरघोडी करायला म्हणून तिनं आवाज चढवला होता. तिचा चढवलेला आवाज म्हणजे काय, ते तिच्या शाळेला विचारा.

बाबांची बोटं कीबोर्डवर थबकली. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि ते म्हणाले, "पुढचा नंबर वाच."

भोंगा हे तिचं शाळेतलं नाव. रोज सकाळी माइकवरून सूचना वाचायचं काम यंदा नववीत तिच्याकडे आलं होतं, आणि ती ते इतकं मनावर घ्यायची, की शाळेसमोरच्या वाणसामानाच्या दुकानदाराला सातवी 'ब'ची गणिताची चाचणी कधी आहे ते तोंडपाठ असायचं. पण हे सगळं यंदाचं. त्याआधी चार वर्षं भोंग्याला कंठ होता की नाही, हेच वर्गाला ठाऊक नव्हतं. चौथी संपता संपता बाबांची बदली झाली, ती या शाळेत आली आणि तिच्या घशाला जणू कुलूप लागलं. हजेरीला 'हजर' म्हणायचाही धीर होत नसे. बाई गैरहजेरी मांडायच्या आणि ही पहिल्या बाकावर बसून स्वतःची गैरहजेरी मांडली जाताना बघायची.

तर अशी ही मुलगी आता माइक सोडायला तयार नसते. आणि काल शनिवारी मधल्या सुट्टीत तिला कळलं, की आपला माइकच नाही तर अख्खी शाळाच सुटणार आहे.

सांगणारी होती बातमीदार. बातमीदार म्हणजे शाळेच्या कार्यालयातल्या क्लार्कबाईंची मुलगी. आईला डबा द्यायला जाते आणि येताना टेबलावरचं सगळं वाचून येते.

"तुझा दाखला मागितलाय," ती म्हणाली. "शाळा सोडल्याचा. खाली तुझ्या बाबांची सही आहे. वळणदार."

"बाबांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे."

"मग वळणदार कोंबडीच्या पायासारखी."

भोंगा हसली, पण हसू अर्ध्यात अडकलं. मैत्रिणींनी तिला घेरून टाकलं. घरी विचार, विचार म्हणून भुणभुण लावली. ती म्हणाली, विचारेन की सावकाश. तेव्हा बातमीदारानं पैज लावली. सोमवारच्या आत बाबांना विचारायचं, तोंडावर, स्पष्ट. नाही विचारलं तर सोमवारी माइकवरून सांगायचं, "मी भित्री भागूबाई आहे," तेही दोनदा.

म्हणून आज रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "माझ्याबरोबर एक्स्चेंजमध्ये येतेस का, वाचायला एक माणूस हवंय," तेव्हा ती आईच्या भुवया वर जायच्या आत चपला घालून दारात उभी होती.

टेलिफोन एक्स्चेंज बंद होणार होतं. लोकांचे फोन कधीच लांबच्या नव्या यंत्रावर गेले होते, आणि इथलं जुनं यंत्र आता कपाटांच्या तीन रांगांमध्ये नुसतं लुकलुकत उभं होतं. पण बटण दाबलं आणि संपलं, असं नसतं. त्याच्या पोटातली एकूण एक नोंद हातानं खोडावी लागते, आणि तीही ठरलेल्या क्रमानं. आधी नंबर. मग ते नंबर ज्या गटात बसलेत, तो गट. मग तो गट ज्या वाटेनं बाहेर बोलतो, ती वाट. तिला बाबा रूट म्हणायचे. रूटवर एक गट जरी टेकलेला असला, किंवा गटात एक नंबर जरी उरला असला, तरी यंत्र अडून बसतं आणि पडद्यावर लिहितं, 'वापरात आहे'. मग तुम्ही कितीही मोठे साहेब असा.

आणि खोडताना माणसं दोन लागतात. एकानं कागदावरून नंबर वाचायचा, दुसऱ्यानं टाइप करून तो परत म्हणायचा, पहिल्यानं 'बरोबर' म्हणायचं, मगच बटण. महिनाभर हे काम बाबा आणि त्यांचे जोडीदार तंत्रज्ञ करत होते. काल जोडीदाराचा पाय जिन्यावर मुरगळला. उद्या यादी पूर्ण हवी होती.

"सत्तावीस अडतीस," भोंग्यानं वाचलं. विचारलेला प्रश्न तिनं गिळलेला नव्हता, फक्त गालात धरून ठेवला होता.

"सत्तावीस अडतीस."

"बरोबर."

टक्.

"सत्तावीस एकोणचाळीस."

ही सगळी कर्मचाऱ्यांच्या घरांची यादी होती. प्रत्येक नंबरापुढे शिक्का होता, 'नव्या यंत्रावर नेला'. ती बरोबरच्या खुणा करत चालली होती. मग तिनं यादीतला शेवटचा नंबर वाचला आणि तिचं बोट कागदावरच राहिलं.

"सत्तावीस चाळीस. बाबा, हा आपला आहे."

"सत्तावीस चाळीस," बाबा म्हणाले.

"याच्यापुढे शिक्का नाही."

"बरोबर म्हण."

"सगळ्यांचे फोन नव्या यंत्रावर नेलेत. आपलाच का नाही नेला?"

बाबांनी 'बरोबर'ची वाट न बघताच बटण दाबलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं कधी केलं नसेल. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. वापरात आहे.

"आई बोलतेय," भोंगा म्हणाली.

"मावशीशी असेल," बाबा म्हणाले.

"मग दोन तास विसरा."

एरवी दोघं हसली असती. आईचं आणि मावशीचं फोनवरचं बोलणं हा घरातला जुना विनोद होता. 'बरं ठेवते' म्हटल्यावर पाऊण तास. पण आज कोणी हसलं नाही. भोंग्याच्या डोक्यात एकेक खूण जागेवर बसत होती. घरचा फोन नव्या यंत्रावर नेला नाही, कारण त्या घरात कोणी राहणारच नाहीये. प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. बाबांनी नव्हे, एका कोऱ्या रकान्यानं दिलं होतं.

"आपण जाणार आहोत," ती म्हणाली. या वेळी आवाज चढवला नाही, तरी ऐकू गेलं.

"हे मागाहून घेऊ." ते सत्तावीस चाळीसबद्दल बोलत होते, असं त्यांनी भासवलं. "पान उलट. एकवीसशेची पट्टी वाच. कार्यालयाचे नंबर. तेवढे झाले की सुटलो."

मग बाबा सुटले ते असे, की यंत्रालाही दम लागावा. ती वाचायची, ते म्हणायचे, ती बरोबर म्हणायची, टक्. भोंग्याला दिसत होतं, ते आकड्यांमागे लपत होते. मागच्या आकड्याला पुढचा आकडा चिकटवत होते, मध्ये तिच्या प्रश्नाला शिरायला फट राहू नये म्हणून. तीही इरेला पेटली आणि सूचना वाचते तशी धडाधड वाचत सुटली.

"एकवीस अठ्ठ्याण्णव."

"एकवीस अठ्ठ्याण्णव."

"बरोबर. एकवीस नव्याण्णव."

"एकवीस नव्याण्णव."

"बरोबर. गट एकवीस."

"गट एकवीस."

"बरोबर. रूट दोन."

"रूट दोन."

"बरोबर."

टक्, टक्, टक्, टक्. एकदाही यंत्र अडलं नाही. बाबांनी खुर्ची मागे सरकवली.

"छान वाचलंस. मी जरा पाणी पिऊन येतो."

पाण्याची बाटली टेबलावरच होती, अर्धी भरलेली. भोंग्यानं बाटलीकडे बघितलं, बाबांनीही बघितलं, आणि तरी ते दाराकडे चालू लागले.

त्या दाराबद्दल सांगायला हवं. स्विच रूमचं दार जाडजूड, आत धूळ आणि ऊन येऊ नये म्हणून चारी बाजूंनी रबर लावलेलं, आणि त्याला विजेचं कुलूप. आतली मूठ दोन वर्षांपूर्वी तुटली. नवी मागवली, तर वरून उत्तर आलं, की एक्स्चेंजच बंद होणार आहे, मूठ कशाला. तेव्हा बाबांनी आणि जोडीदारानं डोकं लढवलं. कुलपाची तार त्यांनी एक्स्चेंजच्याच एका लाइनला जोडली. दाराशेजारच्या भिंतीवरच्या फोनवरून ठरावीक नंबर फिरवायचा, की कुलूप खट्कन उघडतं. दोघांना त्याचा केवढा अभिमान. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बाबांनी ती गोष्ट सांगितली होती.

बाबांनी भिंतीवरचा फोन उचलला, सवयीनं चार बटणं दाबली आणि दार ढकललं. दार हललं नाही. त्यांनी फोन कानाला लावला. मग कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता.

"काय झालं?" भोंग्यानं विचारलं.

बाबांनी फोन जागेवर ठेवला. अगदी हळू, नीट.

"हा फोन एकवीस अठ्ठ्याण्णव आहे," ते म्हणाले.

"आणि कुलूप?"

बाबांनी तिच्या यादीकडे बोट केलं. भोंग्यानं हातातल्या कागदावर बघितलं. एकवीस नव्याण्णवच्या पुढे तिनंच केलेली खूण होती, चांगली ठसठशीत.

दोघांचे मोबाइल फाटकापाशी, पहारेकऱ्याच्या पेटीत. नियमच तसा. दार ठोकून बघितलं, हाका मारून बघितल्या. भोंग्यानं तर आपलं नाव सार्थ केलं. पण रबर आणि गोंगाट मिळून तिचाही आवाज गिळून बसले. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. पहारेकरीमामांनी येतानाच सांगितलं होतं, मी चारला निघतो, तुम्ही जाताना फाटक ओढून घ्या. त्यानंतर इथे माणूस येणार तो उद्या सकाळी नऊला.

"आई शोधत येईल," बाबा म्हणाले.

"आई म्हणेल, काम लांबलं. ती नेहमी तेच म्हणते, कारण ते नेहमी लांबतं."

बाबा खुर्चीत बसले. ही खोली सतरा अंशांवर ठेवलेली असते, यंत्रांना बरं वाटावं म्हणून. माणसांना काय वाटतं ते कोणी विचारत नाही. भोंग्याच्या हातावर काटा आला होता. आत येताना प्रशस्त वाटलेली खोली आता वीतभर झाल्यासारखी वाटत होती. खिडकी नाही. लुकलुकणारे दिवे आपलं नाव यादीत शोधत असल्यासारखे डोळे मिचकावत होते.

"परत टाका ना," ती म्हणाली. "जे खोडलं ते परत लिहा."

बाबांनी टाइप केलं, एकवीस नव्याण्णव. यंत्र म्हणालं, गट नाही. गट टाकला. यंत्र म्हणालं, रूट नाही. रूट टाकायला घेतला तर त्यानं संकेतांक मागितला, बावीस आकडी.

"टाका की."

"तो एका कागदावर होता. कागद शुक्रवारी मुख्य कार्यालयात पाठवला." बाबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मीच पाठवला. पोचपावतीसह."

भोंगा दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली. कोंडून घातल्यासारखं तिला आजच वाटत होतं, असं नाही. कालपासूनच वाटत होतं. फरक एवढाच, की आत्तापर्यंत ती एकटी आत होती, आणि आता बाबाही होते.

"कधी जायचंय?" तिनं विचारलं.

आता आकडे उरले नव्हते. पळायला दार नव्हतं. बाबांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, जे मघाशी त्यांना बाहेर जाऊन प्यायचं होतं.

"एक तारखेला मला तिथे हजर व्हायचंय. नव्या यंत्रावर. वाटलं, तुझा प्रवेश होऊ दे, घर मिळू दे, सगळं पक्कं झालं की सांगू."

"सगळं पक्कं झाल्यावर सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. ती सूचना झाली. सूचना मी रोज वाचते, मला फरक कळतो."

"मागच्या बदलीला आधी सांगितलं होतं तुला. तीन महिने आधी." बाबा पडद्याकडे बघत बोलत होते. "तू बोलायचीच थांबलीस. चार वर्षं मी तुझ्या वर्गशिक्षिकेकडून एकच वाक्य ऐकलं, मुलगी हुशार आहे पण तोंड उघडत नाही. आता कुठे उघडलंय. म्हटलं, निदान महिनाभर तरी उशिरा मिटू दे."

भोंग्याला यावर काहीतरी खणखणीत बोलायचं होतं, पण घशात तेच जुनं कुलूप चाचपडू लागलं. तिला ते ओळखीचं वाटलं आणि तिची पाचावर धारण बसली. चार वर्षं. पहिला बाक. आपलीच गैरहजेरी. नवी शाळा, नवा वर्ग, नवी हजेरी, आणि तिथे कोणाला माहीत असणार, की ही मुलगी भोंगा आहे.

ती मुद्दाम बोलली. काहीही, पण मोठ्यानं. "आईचं अजून चालू असेल का हो?"

"काय?"

"मावशीशी बोलणं. सत्तावीस चाळीस."

बाबांनी सवयीनं बघितलं. "वापरात आहे."

"म्हणजे आपला नंबर आहे. म्हणजे त्याचा गट पण आहे. आणि रूट पण."

"आहेच. आईमुळे तो खोडताच आला नाही."

"मग दाराला त्याच गटात बसवा की."

बाबा तिच्याकडे वळले. चेहरा असा, जणू तिनं देवघरात चपला घालून जायला सांगितलं असावं. "तो घरगुती गट आहे. कार्यालयाचे नंबर घरगुती गटात घालत नाहीत."

"घातले तर काय होतं?"

"घालत नाहीत."

"यंत्र नको म्हणतं, की तुम्ही?"

बाबा पडद्याकडे वळले आणि टाइप करू लागले. "माझ्यामागून म्हण," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम. सत्तावीस अठ्ठ्याण्णव. भिंतीवरचा फोन. त्याची तार तिसऱ्या कपाटात, नवव्या कार्डावर, अकरावी जागा."

ती उठून त्यांच्याशेजारी उभी राहिली. या वेळी ते सांगत होते आणि ती परत म्हणत होती. "अकरावी जागा."

"बरोबर?"

"मला काय माहीत? बरोबर."

टक्. यंत्र अडलं नाही. सत्तावीस नव्याण्णव, कुलूप, बारावी जागा. टक्. तेही घेतलं. भोंगा धावत भिंतीपाशी गेली, फोन उचलला, आणि त्यात तो संथ, एकसुरी आवाज घुमत होता. इतका गोड आवाज तिनं माइकवर स्वतःचासुद्धा कधी ऐकला नव्हता.

"फिरव," बाबा म्हणाले. "सत्तावीस नव्याण्णव."

तिनं बोट बटणावर ठेवलं, आणि तिथेच थांबली. दार उघडलं, की बाबा पहारेकऱ्याशी बोलतील, मग मोबाइल बघतील, मग घरी पोचेपर्यंत सोमवार होईल. ती बाबांना चांगलं ओळखत होती. इतकी वर्षं मूग गिळून बसायचं ती कोणाकडून शिकली होती, असं वाटतं?

"थांबा," ती म्हणाली, आणि सत्तावीस चाळीस दाबलं.

लागला नाही. आई बोलतच होती.

"अगं, दार," बाबा म्हणाले.

"दार कुठे पळत नाही. आपण पळतो."

ती उभी, ते बसलेले. चारला पाच कमी. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा वापरात. बाबा उठून आले, पण त्यांनी फोन हिसकावला नाही. नुसते शेजारी येऊन भिंतीला टेकले. अंगातला स्वेटर काढून त्यांनी तिच्या खांद्यांवर टाकला. चौथ्या खेपेला घंटी वाजली.

"हॅलो? कोण?" आईचा आवाज. भोंग्यानं फोनवरचं स्पीकरचं बटण दाबलं.

"आई, मी. आम्ही स्विच रूममध्ये कोंडले गेलोय."

"काय? कसे?"

"बाबांनी दार खोडलं."

"दार कसं खोडतात?"

"ते बाबा तुला सांगतील. पाहुण्यांना सांगायला आता नवी गोष्ट झाली त्यांना." बाबांनी खाकरून काहीतरी म्हणायला घेतलं, तिनं हात वर केला. "आधी माझं ऐका. दोघंही. मला दाखल्याचं कळलंय."

पलीकडे आईनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेल्याची खरखर ऐकू आली.

"मी सांगणारच होते," आई म्हणाली. "तुझे बाबा म्हणाले—"

"बाबा काय म्हणाले, ते मला बाबांनी सांगितलंय." भोंग्यानं श्वास घेतला. घशातलं ते जुनं कुलूप तिथेच होतं, गेलं नव्हतं. ती त्याच्यावरूनच बोलली, रोज सकाळी माइकपुढे बोलते तसं, वाक्यं सुटी सुटी करत. "मी ठरवलंय. उद्या सकाळी मी शाळेच्या कार्यालयात जाऊन तो अर्ज परत मागून घेणार आहे. बाबा एक तारखेला पुढे जातील. तू आणि मी वार्षिक परीक्षा होईपर्यंत इथेच राहू. शेवटच्या दिवसापर्यंत सूचना मीच वाचेन, आणि मी जातेय ही सूचना पण मीच वाचेन. मग नवीन शाळेत अर्ज द्यायला मी स्वतः येईन, आणि तिथल्या हजेरीला पहिल्याच दिवशी 'हजर' म्हणेन. घाबरत म्हणेन, पण म्हणेन. आता सांगा, दार उघडू का?"